दुसऱ्या मंडळीच्या बंदिवानांची आठवण

शास्त्रवाचन : लूक ९:४९–५६, प्रेषितांचीं कृत्यें १२:१–१७, इब्री लोकांस पत्र १३:३.

धड्याचा हेतु : ख्रिस्ताचा सेवक कोणत्याही पंथाचा असो, तो अन्यायानें बंदींत पडला असतां त्याची आठवण ठेवणें हें आपलें कर्तव्य आहे, आणि सरकारच्या तरवारीवर मंडळीनें कधीं भरंवसा ठेवूं नये, हें शिकणें.



या धड्यांत एक जुनी हकीकत सांगावयाची आहे. अठराव्या शतकांत गोव्यांतील रोमन कॅथलिक पाद्र्यांना त्यांच्याच कॅथलिक राजाच्या सरकारानें पकडलें, समुद्रापार नेलें, आणि न्यायनिवाड्यावांचून पुष्कळ वर्षें अंधारकोठडींत ठेविलें. हें ऐकून खेड्यांतील एखादा भाऊ म्हणेल, “ते रोमन, आपण प्रॉटेस्टंट. ते समुद्राकांठचे, आपण तापीकांठचे. त्यांच्या पाद्र्यांचे हाल झाले तर आपणांस त्याचें काय ?” हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला रागावून उत्तर देऊं नये. तो मनांत ठेवून आपण पुढें वाचूं.

प्रथम लूकचा भाग पाहा. कोणी एक मनुष्य येशूच्या नांवानें भुतें काढीत होता. परंतु तो शिष्यांबरोबर फिरत नाहीं एवढ्याच कारणावरून योहानानें त्याला मनाई केली. प्रभूला ती मनाई आवडली नाहीं. लागलेंच पुढें एका शोमरोनी गांवानें प्रभूला उतरूं दिलें नाहीं, तेव्हां शिष्यांना वाटलें कीं आकाशांतून अग्नि पाडून तें गांव जाळावें. प्रभूनें वळून शिष्यांनाच धमकाविलें. “हा आपल्यांतला नाहीं” म्हणून मना करणें, आणि “हा आपल्याविरुद्ध आहे” म्हणून जाळावयास निघणें, हे दोन्ही रोग एकाच मुळाचे आहेत. पुढील हकीकतींत ते आपणांस वारंवार दिसतील.

१. मराठींत ओव्या रचणारा पाद्री

फादर टॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा राहणारा. १५७५ सालीं तो रोम येथें जेझुइट नांवाच्या पाद्र्यांच्या संघांत शिरला, आणि १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास पोंचला. पुढें मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, त्याची बहुतेक सेवा साष्टी प्रांतांत झाली. तेथील लोकांची भाषा तो शिकला, आणि त्यानें तारणाची कथा मराठी ओव्यांत गाइली. सुमारें अकरा हजार ओव्यांचें तें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. ज्या भाषेंत आज आपण प्रार्थना करितों, त्या भाषेंत ख्रिस्ताची थोरवी गाणाऱ्या पहिल्या लोकांपैकीं तो एक होय.

हा मनुष्य स्वदेशीं कां राहिला नाहीं ? त्या वेळीं इंग्लंडांत प्रॉटेस्टंट राणी एलिझाबेथ राज्य करीत होती, आणि कॅथलिक उपासनेला कायद्यानें बंदी होती. स्टीफन्सचा मित्र टॉमस पौंड याला पकडण्यांत आलें, आणि त्यानें सुमारें तीस वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत काढिलीं. एडमंड कँपियन या जेझुइट पाद्र्याला १ डिसेंबर १५८१ रोजीं लंडनांत राजद्रोही म्हणून ठार केलें. पुढें १५८५ सालीं असा कायदा झाला कीं, परदेशीं दीक्षा घेतलेला कॅथलिक पाद्री इंग्लंडांत सांपडला तर तेवढ्यानेंच तो राजद्रोही ठरावा. म्हणजे ज्या संघाच्या पाद्र्यानें आपणांस मराठी ओव्या दिल्या, त्याच संघाच्या पाद्र्यांना प्रॉटेस्टंट सरकार फांसावर चढवीत होतें.

हें लिहितांना आम्हांस आनंद होत नाहीं. परंतु सत्य लपवून शिकविलेला धडा हा धडा नव्हे. एलिझाबेथच्या आधीं कॅथलिक राणी मेरी हिनें १५५५ ते १५५८ या अवघ्या चार वर्षांत सुमारें तीनशें प्रॉटेस्टंटांना जाळून मारिलें होतें, हेंही तितकेंच खरें आहे. तरवार एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली, एवढेंच.

२. राजाज्ञा

आतां गोव्याकडे येऊं. तेथें १५१० पासून पोर्तुगीज राजाचें राज्य होतें. तें सरकार कॅथलिक, तेव्हां कॅथलिक पाद्र्यांना तेथें कसली भीति, असें कोणालाही वाटेल. जेझुइटांच्या हातीं तेथें विद्यालयें होतीं, छापखाना चालला होता, साष्टींतील देवळें होतीं, आणि जमिनीही होत्या. राजाची त्यांजवर कृपा होती. त्या कृपेला ते देवाच्या आश्रयासारखेंच समजूं लागले असतील, तर त्यांत नवल नाहीं.

१७५० सालीं पोर्तुगालच्या गादीवर जोसे राजा बसला. परंतु राज्याचीं सूत्रें लवकरच त्याचा प्रधान कार्व्हाल्यो याच्या हातीं गेलीं. पुढें याला पोम्बालचा मार्क्विस ही पदवी मिळाली, आणि इतिहासांत तो पोम्बाल याच नांवानें प्रसिद्ध आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं लिस्बन शहर भूकंपानें जमीनदोस्त झालें, तें यानें पुन्हां उभें केलें. तो कर्तबगार होता यांत शंका नाहीं. परंतु राज्यांत आपल्या शब्दाशिवाय दुसऱ्या कोणाचा शब्द चालावा, हें त्याला सहन होत नसे. जेझुइट हे पोपाची आज्ञा मानीत. राजवाड्यांत त्यांचें वजन होतें. विद्यालयें त्यांच्या ताब्यांत होतीं. आणि दक्षिण अमेरिकेंत तेथील मूळ रहिवाशांचीं गांवेंच्या गांवें त्यांच्या देखरेखीखालीं होतीं. हीं सर्व कारणें मिळून प्रधानानें त्यांना शत्रु ठरविलें.

३ सप्टेंबर १७५८ च्या रात्रीं राजाच्या गाडीवर गोळ्या झाडण्यांत आल्या. राजा जखमी झाला, पण वांचला. त्या कटाचा आळ एका मोठ्या सरदार घराण्यावर आणि त्याबरोबरच जेझुइटांवर घालण्यांत आला. बरोबर एक वर्षानें, ३ सप्टेंबर १७५९ या तारखेची राजाज्ञा निघाली कीं, हा संघ बंडखोर व राजद्रोही असून पोर्तुगीज राज्यांतून त्याचें उच्चाटन व्हावें. लक्षांत घ्या, एक पाद्री किंवा दोन पाद्री नव्हेत, तर सगळा संघ. लिस्बन सोडून ज्याला वीस वर्षें झालीं होतीं, जो साष्टींतील एखाद्या गांवीं मुलांचा बाप्तिस्मा करीत होता व मेलेल्यांस मूठमाती देत होता, तोही त्या रात्रीच्या गोळ्यांचा अपराधी ठरला.

मालाग्रिदा नांवाच्या ७२ वर्षांच्या एका जेझुइटाचें काय झालें तेंही ऐका. भूकंप हा देवाचा कोप आहे, लोकांनीं पश्चात्ताप करावा, असें त्यानें लिहिलें होतें, व त्यामुळें प्रधान त्याजवर रुष्ट झाला होता. तुरुंगांत त्या म्हाताऱ्याचें चित्त भ्रमलें. मग धर्मन्यायसभेनें त्याला पाखंडी ठरविलें, आणि २१ सप्टेंबर १७६१ रोजीं लिस्बनच्या चौकांत त्याचा गळा आवळून त्याचें शव जाळण्यांत आलें. त्या न्यायसभेचा मुख्य त्या वेळीं प्रधानाचा सख्खा भाऊ होता. न्यायाधीश आणि फिर्यादी एका घरचे असले म्हणजे न्याय कसा होतो, हें आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

३. सांव जुलियांवचा किल्ला

गोव्यास जाणारे हुकूम आधींच निघाले होते. १७५९ च्या सप्टेंबरांतच व्हाइसरॉयच्या सैनिकांनीं जेझुइटांच्या घरांना वेढा घातला. पाद्र्यांना कैद केलें, आणि त्यांचीं घरें व जमिनी सरकारजमा झाल्या. साष्टींतील देवळें दुसऱ्या पाद्र्यांच्या हवालीं करण्यांत आलीं. सुमारें सव्वा वर्ष त्यांना पहाऱ्यांत ठेवून १७६० च्या अखेरीस शंभराहून अधिक जणांना एका जहाजावर चढविलें. त्या लांबच्या प्रवासांत वीसाहून अधिक जण मरण पावले, व त्यांना समुद्रांतच मूठमाती मिळाली. उरलेले १७६१ सालीं लिस्बनला पोंचले.

तेथें तेजो नदी समुद्राला मिळते त्या मुखाशीं सांव जुलियांव नांवाचा किल्ला आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं लळिंगचा किंवा पारोळ्याचा किल्ला पाहिला असेल, त्यांनीं तसल्या भिंतींच्या पोटांत जमिनीखालीं खणलेल्या खोल्या मनांत आणाव्या. उजेड फार थोडा. बाहेर समुद्र, म्हणून भिंतींना सदा ओल. तापीला पूर येऊन गेल्यावर कांठच्या घरांत जी ओल कित्येक दिवस राहते, ती ओल या माणसांनीं वर्षानुवर्षें सोसली. त्यांचे कपडे अंगावर कुजले. कांहीं मेले, कांहीं आजारानें जर्जर झाले. त्यांचा अपराध काय, तो कोणत्या पुराव्यानें सिद्ध झाला, हें त्यांना कोणत्याही उघड न्यायसभेंत सांगितलें गेलें नाहीं. २४ फेब्रुवारी १७७७ रोजीं जोसे राजा वारला, त्याची मुलगी मारिया गादीवर आली, पोम्बालचा अधिकार संपला, तेव्हां किल्ल्याचे दरवाजे उघडले. म्हणजे गोव्यांतून नेलेल्यांनीं तेथें सुमारें सोळा वर्षें काढिलीं. मॉरित्स थोमान या जर्मन मिशनऱ्यानें सुटकेनंतर आपल्या बंदिवासाची हकीकत लिहून ठेविली, म्हणून त्या काळोखांतलें पुष्कळ जगाला समजलें.

यांत एक गोष्ट उपदेशकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. संघांतील जे तरुण अजून शेवटच्या शपथेनें बांधले गेले नव्हते, त्यांना राजाज्ञेंतच एक वाट ठेविली होती : संघ सोडा, म्हणजे मोकळे व्हाल. कांहींनीं ती वाट धरिली, आणि कांहींनीं नाकारिली. “एवढें एक नांव सोड, म्हणजे तुझें सर्व सुरळीत होईल,” हें बोलणें आपल्यांतील किती जणांनीं भाऊबंदांच्या तोंडून ऐकलें आहे ! म्हणून त्या तरुणांच्या मनांतली झुंज आपणांस परकी नाहीं. जे टिकले त्यांचा मान राखावा. आणि जे डगमगले त्यांच्यावर दगड उचलण्यापूर्वीं आपण त्या कोठडींत असतों तर काय केलें असतें, हें स्वतःस विचारावें.

४. पुन्हां तोच किल्ला

यावरून कोणी म्हणेल कीं, हें परदेशी पाद्र्यांचें परदेशी राजाशीं भांडण होतें. तसें नाहीं. याच किल्ल्यांत पुढें गोव्याचे एतद्देशीय पाद्रीही गेले.

गोव्यांत या देशांतील पुष्कळ लोक पाद्री होत, विद्वान् होत. तरी मोठ्या धार्मिक अधिकारांच्या जागा बहुधा गोऱ्यांसच मिळत. यामुळें त्यांचीं मनें दुखावलीं होतीं. १७८७ सालीं सरकारला खबर लागली कीं, कांहीं एतद्देशीय पाद्री व शिपाई पोर्तुगीज सत्ता उलथून पाडण्याचा कट करीत आहेत. कांदोळी येथील पिंतो घराण्यावरून या प्रकरणाला पिंतोंचें बंड म्हणतात. धरपकड झाली. १७८८ च्या डिसेंबरांत पंधरा जणांना पणजी येथें क्रूरपणें ठार केलें. पकडलेल्या पाद्र्यांपैकीं चौदा जणांना लिस्बनला पाठविलें, आणि सांव जुलियांवच्या त्याच किल्ल्यांत पुष्कळ वर्षें निकालावांचून ठेविलें. कांहीं तेथेंच मेले.

हा आरोप राजकीय होता, धर्माचा नव्हता, हें आपण स्पष्ट म्हणावें. आणि त्यांतील प्रत्येक जण निर्दोष होता असेंही आपण म्हणत नाहीं. परंतु ज्याचा अपराध सिद्ध करावयाचा त्याला न्यायाधीशासमोर उभें करावें लागतें. न्यायावांचून वर्षेंच्या वर्षें कोंडून ठेवणें हा जुलूमच होय, मग कोंडलेला मनुष्य कोणीही असो.

५. तरवार कोणाची ?

आतां दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, नाहींतर धडा अर्धा राहील. जेझुइटांवर जुलूम करणारें जें सरकार, त्याच सरकारच्या बळावर गोव्यांतील कॅथलिक मंडळीनें पूर्वीं दुसऱ्यांवर जुलूम केला होता. १५६० सालीं गोव्यांत धर्मन्यायसभा बसली. मध्यें १७७४ पासून चार वर्षें ती बंद होती, आणि १८१२ सालीं ती कायमची उठली. बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांच्या घरांत जुनी चाल, जुनी पूजा, जुना सण राहिला आहे काय, हें ती शोधून काढी आणि कैद, दंड, फटके व अग्नि यांची शिक्षा देववी. १६८४ सालीं सरकारनें असा हुकूम काढिला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. ज्या भूमींत स्टीफन्सनें लोकांच्या भाषेंत ओव्या रचिल्या, तेथें सत्तर वर्षांच्या आंत ती भाषाच गुन्हा ठरूं पाहत होती !

आणि शेवटीं काय झालें ? ज्या धर्मन्यायसभेच्या नांवानें मंडळीनें दुसऱ्यांस भिवविलें, तीच सभा प्रधानाच्या हातीं जाऊन तिनें मालाग्रिदा या पाद्र्याला मृत्यूस दिलें. ज्या सरकारनें देवळें बांधून दिलीं, त्यानेंच १७५९ सालीं जेझुइटांना हांकलिलें. आणि १८३४ सालीं पोर्तुगालांत सर्व पुरुष संन्यासी संघ बंद करून पुढच्याच वर्षीं गोव्यांतील मठही रिकामे केले. जुन्या गोव्यांत संत ऑगस्टीनच्या मठाचा पडका मनोरा आजही उभा आहे. तो पाहणाऱ्यानें एवढें शिकावें : राजाच्या मर्जीवर बांधलेलें घर राजाच्या मर्जीनें पडतें.

हेरोदानेंही तेंच केलें. प्रेषितांच्या १२ व्या अध्यायांत त्यानें याकोबाला मारिलें. लोकांना तें आवडलें असें पाहून त्यानें पेत्रालाही धरिलें. जुलमी राजा पुष्कळदां लोकांच्या टाळ्या पाहून पुढचें पाऊल टाकितो. म्हणून दुसऱ्यावर संकट आलें असतां आपण टाळी वाजवितों काय, किंवा गप्प बसतों काय, ही लहान गोष्ट नाहीं. मंडळीजवळ त्या रात्रीं तरवार नव्हती, दरबारीं वजन नव्हतें. ती एका घरांत जमून बंदिवानासाठीं प्रार्थना करीत होती.

६. एका कोठडींत दोन पंथ

जवळच्या काळांतील एक दाखला देतों. जर्मनींत १९३३ ते १९४५ पर्यंत हिटलरचें राज्य होतें. डाखाउ गांवाच्या बंदिछावणींत त्यानें धर्मसेवकांसाठीं निराळ्या बराकी ठेविल्या होत्या. तेथें एकंदर सुमारें २,७२० धर्मसेवक कोंडले गेले, आणि त्यांपैकीं २,५७९ कॅथलिक होते. त्यांत पोलंड देशाचे सर्वांत अधिक, व त्या पोलिश पाद्र्यांपैकीं ८६८ तेथें मेले. प्रॉटेस्टंट पाळक शंभरावर होते.

मार्टिन नीमलर हा प्रॉटेस्टंट पाळक १९३७ सालीं पकडला गेला. १९४१ सालीं त्याला डाखाउस आणून तीन कॅथलिक पाद्र्यांजवळ ठेविलें. बाहेर असतांना ज्यांच्या मंडळ्या चारशें वर्षें एकमेकांपासून दूर राहिल्या, ते आंत एकत्र शास्त्र वाचूं लागले. युद्धानंतर नीमलरनें उघड कबूल केलें कीं, आरंभीं जेव्हां दुसऱ्यांना धरून नेलें तेव्हां आपण गप्प राहिलों, आणि तें आपलें पाप होतें. हा कबुलीजबाब प्रत्येक पाळकानें वर्षांतून एकदां तरी आठवावा.

७. आपण काय करावें ?

आतां आरंभींचा प्रश्न पुन्हां घेऊं : “आपणांस त्याचें काय ?” इब्री पत्राचा लेखक सांगतो कीं, बंदिवानांची आठवण अशी करावी कीं जणूं त्यांच्याबरोबर आपणही बांधलेले आहों. बंदिवान कोणत्या पंथाचा, हें तो विचारीत नाहीं.

पहिली गोष्ट, तुरुंगांत गेला म्हणून मनुष्य दुष्ट, असें समजूं नये. आपल्या धुळ्याच्याच तुरुंगांत १९३२ सालीं विनोबा भावे कैदी होते. तेथें ते गीतेवर प्रवचनें करीत, आणि साने गुरुजी तीं लिहून घेत. पेत्र, पौल आणि स्वतः प्रभु यांना सरकारनेंच बांधिलें होतें. तेव्हां आधीं विचारावें : याचा अपराध कोणता, आणि तो कोठें सिद्ध झाला ?

दुसरी गोष्ट, भारताच्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमानें सर्व मनुष्यांना सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य आणि आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व प्रसार करण्याचा हक्क, सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य यांस अधीन राहून, दिला आहे. हा हक्क आपल्या मंडळीपुरता नाहीं. तो कॅथलिकाचा आहे, मुसलमानाचा आहे, हिंदूचा आहे, देवमोगरेला नमस्कार करणाऱ्या भावाचाही आहे. शेजाऱ्याचा हक्क मोडतांना जो हंसतो, त्याला आपला हक्क मोडल्यावर रडण्यास तोंड राहत नाहीं.

तिसरी गोष्ट, अधिकाऱ्यांशीं नम्रतेनें व कायद्याला धरून वागावें, पण त्यांच्या मर्जीला मंडळीचा पाया करूं नये. कोणी म्हणेल, “सरकारला सांगून त्या दुसऱ्या पंथवाल्यांचें काम बंद पाडूं,” तर उपदेशकानें साफ नाहीं म्हणावें. योहानानें जें केलें आणि प्रभूनें जें नापसंत केलें, तेंच तें आहे.

चौथी गोष्ट, सोपी आणि आजच करण्यासारखी आहे. आपल्या गांवचा किंवा शेजारच्या गांवचा कोणी मनुष्य कैदेंत असेल, मग तो कोणत्याही जातीचा वा पंथाचा असो, त्याच्या घरीं जावें. त्याच्या बायकोमुलांस दाणा आहे काय, शेतांत पेरणी झाली काय, तारखेला कोर्टांत जाण्यास कोणी सोबत आहे काय, हें विचारावें. मत्तय २५ मध्यें प्रभु बंदिवानाला भेटल्याचा जो हिशेब घेणार आहे, त्यांत हें लिहिलें जाईल.

उपदेशकांसाठीं प्रश्न

१. योहानानें त्या मनुष्याला मना कां केली ? आपल्या गांवीं अशी मनाई कोणत्या रूपानें होते ?

२. जेझुइटांना पकडणारें सरकार कोणत्या धर्माचें होतें ? यावरून सरकारच्या कृपेविषयीं काय शिकावें ?

३. संघ सोडल्यास सुटका, असें तरुण जेझुइटांना सांगितलें गेलें. तुम्हांस असें कोणी कधीं म्हटलें काय ? तुम्हीं काय उत्तर दिलें ?

४. प्रॉटेस्टंटांनीं केलेल्या जुलमाची कबुली देणें आपणांस कां जड जातें ?

५. या आठवड्यांत कोणत्या बंदिवानाच्या घरीं तुमची मंडळी जाईल ? त्याचें नांव ठरवूनच सभा संपवावी.

प्रार्थनेचा विषय : सर्व देशांतील जे धर्मसेवक आज न्यायावांचून कोंडलेले आहेत ते, त्यांचे पहारेकरी, आणि त्यांना कोंडणारे अधिकारी. तिघांसाठींही प्रार्थना करावी, आणि शेवटीं आपल्या स्वतःच्या गप्प राहण्याबद्दल क्षमा मागावी.